उंबराच्या वाळूवरील दहावा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखनामध्ये मी, आंबर्डेवाडी गावचा एक नाभिक, कै. रंगराव ज्ञानू पाटील यांच्या दहाव्या दिवशी गायमुखी नदीच्या वाळूवर जे घडले ते, पदरचे काही न घालता व कोणाचाही अधिक्षेप न करता, क्रमाने कथन करणार आहे. सदर प्रसंगास आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतच झालेले असले तरी तालुक्याच्या वाचनालयाचा मी जुना वर्गणीदार आहे. तथापि भाषेत काही उणे आढळल्यास त्याकडे काणाडोळा करून मूळ हकिकतीकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

“आनंदा, दिसतोय का रं एखादा?”

दिनकरराव पाटलांनी हा प्रश्न मला पुन्हा विचारला, तेव्हा मी वस्तरा पुसून पेटीत ठेवीत होतो. त्यांच्या डोईचे केस मीच नुकतेच उतरविले होते आणि कार्तिकातील ऊन त्या ताज्या मुंडणावर चकाकत होते. मी उंबराच्या शेंड्यापासून पैलतीरापर्यंत नजर फिरविली.

“न्हाई, सरपंच.”

“न्हाई म्हंजे? एरवी कौलावर बसून डोकं खात्यात. आज कामाच्या दिवशी कुटं मेल्यात?”

“कावळ्याला पत्रिका छापायची पद्धत नाही, दिनकरराव,” नाना भटजी दर्भाची जुडी सारखी करीत म्हणाले. “येईल. मनात काही राहिलेलं असलं तर जरा वेळ लावतो.”

वाळूच्या छोट्या ओट्यावर भाताचा पिंड ठेवलेला होता. त्यावर दही व काळे तीळ. शेजारी पानावर रंगरावांच्या आवडीची कांदाभजी, तंबाखूची चंची आणि कपभर चहा. चहावर एव्हाना साय धरली होती. पिंडास कावळा शिवेपर्यंत कोणी अन्न घ्यावयाचे नाही, हा आमच्याकडील रिवाज आहे. कावळा न आल्यास मृताची इच्छा अपुरी आहे असे समजून घरची माणसे एकेक करून पुढे होतात व पिंडासमोर शब्द देतात.

दिनकरराव हे मृताचे धाकटे बंधू. रंगरावांना मुलगा नसल्यामुळे क्रियेला तेच बसले होते. त्यांनी हात जोडले.

“दादा, तुझी विहीर मी बुजू द्याची न्हाई. वैनीला अंतर द्याची न्हाई. बांधाचा तंटा मिटवतो. शेजारचा पांडबा म्हनंल तितं बांध घालतो. ये बाबा.”

कावळा आला नाही. पाणी मात्र संथपणे वाहत राहिले.

येथे स्थळाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. आमचा पूर्वीचा घाट गावास लागून होता. त्या पावसाळ्यात खालच्या धरणात प्रथमच पूर्ण पाणी अडविले गेले आणि घाट पायऱ्यांसकट बुडाला. सरपंच या नात्याने दिनकररावांनीच नवी जागा मुक्रर केली. गावापासून दूर, नदीच्या वरच्या अंगाला, जिथे फुगवट्याचे पाणी पोहोचत नाही आणि एक जुना उंबर प्रवाहावर वाकलेला आहे, ती ही वाळू. “हितं कुत्री न्हाईत, उकिरडा न्हाई, कुनाचं उष्टं-खरकटं न्हाई. अशी निर्मळ जागा पंचक्रोशीत दावा,” असे ते ग्रामसभेत अभिमानाने म्हणाले होते. त्या जागेवरील पहिला दहावा त्यांच्या सख्ख्या भावाचाच निघाला.

“हौसाक्का, आता तुम्ही बोला,” नानांनी सुचविले.

रंगरावांच्या पत्नी हौसाबाई पुढे आल्या. त्या काही बोलल्या, ते केवळ ओठांना व पिंडाला ठाऊक. मग त्या मागे सरून पुन्हा लेकीशेजारी बसल्या.

आणि तदनंतर सर्वांच्या नजरा त्या लेकीकडे वळल्या.

वैजयंता ही रंगरावांची एकुलती एक मुलगी. आम्ही तिला वैजू म्हणत असू. कोल्हापुरास राहून ती प्राणिशास्त्राचे मोठे शिक्षण घेत होती आणि तिच्या अभ्यासाचा विषय होता आपल्याच गायमुखी नदीची फुलपाखरे. सुट्टी लागली की ती गावी येई व डोक्याला टॉवेल गुंडाळून उन्हातान्हात काठाने हिंडे. कोणत्या जातीचे पाखरू सावलीत राहते, कोणते उघड्या वाळूवर उतरते, कोणते शेताच्या बांधावरील रुई सोडून हलत नाही, हे ती तासन्‌तास उभी राहून पाही. एकदा तिने मला नदीकाठी थांबवून दाखविले होते की, हाकेच्या अंतरात तीन निरनिराळे मुलूख आहेत. उंबराखाली कुजक्या फळांवर तपकिरी रंगाची बसलेली, वाळूवर निळ्या पट्ट्याची, बांधावर तांबूस. “आनंदाकाका, नदी एकच, पण ह्यांची गावं वेगळी,” असे ती म्हणाली होती. हे वाक्य मला पुस्तकातल्यासारखे वाटले होते.

गावास मात्र तिचा हा उद्योग पसंत नव्हता. रंगरावांस तर मुळीच नव्हता. त्यांचे शेवटचे भांडण झाले तेव्हा मी हजर होतो. हजर होतो असे म्हणणेही अपुरे आहे, कारण त्या वेळी रंगरावांची हनुवटी माझ्या हातात होती.

गणपतीचे दिवस. त्यांच्या परसातील थोरल्या आंब्याखाली, दगडावर बसवून मी त्यांची दाढी करीत होतो. तो आंबा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वैजू मळ्याकडून धावतच आली.

“आबा, वर बघा! बांडगुळावर. हळदीकुंकू आलंय!”

“काय आलंय?”

“फुलपाखरू वो. वरनं पांढरं, खालनं हळदीगत पिवळं, नि काठाला कुंकवाचे ठिपके. त्या बांडगुळाच्या पानावर अंडी घालतंय. दुसऱ्या कुठल्या झाडावर घालत न्हाई ते. बघा की, शेंड्याला!”

“पाटील, मान हलवू नका,” मी म्हणालो. वस्तरा गळ्याशी होता.

रंगरावांनी मान हलविली नाही आणि वरही पाहिले नाही. त्या सकाळीच कागलकडच्या एका स्थळाचा नकार त्यांच्या कानी आला होता. मुलगी रानोमाळ एकटी हिंडते, असे कोणीतरी तिकडे सांगितले होते. तो राग त्यांच्या पोटात होता.

“बांडगूळ व्हय?” साबणाच्या फेसातून ते बोलले. “उद्याच कोयता लावतो त्येला. झाडाचं खातंय नि झाडालाच वाळवतंय. आनि तूबी तसलीच झालीस. घराचं खातीस, शिकतीस, नि घराचीच अब्रू वाळवत बसलीस. बांडगूळ हाईस ह्या घराला.”

माझा हात थांबला. वैजू तिथल्या तिथे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती कोल्हापुरास गेली आणि पुढे बापलेकीत शब्द झाला नाही. दिवाळीआधी मळ्यात पाणी पाजताना रंगराव छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. ती आली तेव्हा त्यांना आंघोळ घालून झाली होती.

त्यामुळे वाळूवर सर्वांनी तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती खाली पाहत होती यात नवल नाही.

“तात्या,” ती चुलत्यांस म्हणाली, “मी एक बोलू का? हितं कावळा येणार न्हाई.”

“का? तुझ्याकडं निरोप आलाय त्येचा?”

“ही त्याची जागाच न्हवं. कावळा माणसाच्या आसऱ्यानं ऱ्हातोय. उकिरडा, खरकटं, कौलं, असलं लागतं त्याला. तुम्ही स्वच्छ जागा बघितलीसा. ती स्वच्छ हाय, म्हणूनच तो हितं न्हाई. जुन्या घाटावर गाव जवळ हुतं, म्हणून तितं रांगेनं बसायचे.”

भावकीतील वृद्ध तातोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते खाकरले. “घ्या! आता कावळ्याचीबी शाळा शिकून आली ही. अगं, कावळ्याला काय वाट म्हाईत नसती व्हय? पितर बोलवत्यात तवा येतोय त्यो.”

“आनि मग ही पाखरं?” दिनकररावांनी पाण्याच्या कडेला बोट दाखविले.

तिकडे पाहिले तर ओल्या वाळूवर फुलपाखरांची दाटी झाली होती. काळ्या पंखांवर मोरपंखी पट्टा असलेली, लिंबासारखी पिवळी, पांढरी. पंख मिटून, अंगाला अंग लावून, ती जणू वाळूलाच फुटल्यासारखी बसली होती. वाऱ्याची झुळूक आली की सारा थवा एकाच अंगाला झुके.

“ही बरी येत्यात हितं? ह्यास्नी उकिरडा लागत न्हाई?”

“ह्यास्नी वाळूतलं मीठ लागतं, तात्या. हितं रानातली गुरं आनि गवे पाण्याला उतरत्यात.” ती किंचित अडखळली. “तितंच मुतत्यात. त्या खारट ओलीला ही बसत्यात.”

दिनकररावांनी आपल्या पायाखाली पाहिले, नंतर पिंडाकडे पाहिले.

“म्हंजे ग्रामसभा बलवून, ठराव करून, मी माज्या भावाचा पिंड गव्याच्या मुतात ठेवला?”

“गोमूत्र समजावं,” नाना शांतपणे म्हणाले. “शास्त्राला बाधा नाही.”

मागे कोणीतरी हसू दाबले. हौसाबाईंनी पदर तोंडाशी नेला. तो रडण्यासाठी की आणखी कशासाठी, हे मला उमगले नाही. परंतु दिनकरराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा तापलेला होता. तो माणूस वाईट नव्हता, हे मी येथे आवर्जून नमूद करतो. भाऊ गेल्यापासून त्याने घास चवीने खाल्लेला नव्हता आणि आता भावाच्या आत्म्यास आपण वाट दाखवू शकत नाही, या विचाराने तो कासावीस झाला होता.

“वैजू, हिकडं ये,” ते म्हणाले. “पिंडाम्होरं उबी ऱ्हा. दादाची इच्छा कशात अडकलीया, त्ये सगळ्या गावाला म्हाईत हाय. हात जोड आनि म्हन, आबा, मी ह्यो पाखरांचा नाद सोडते, तात्या ठरवंल त्या घरी वर्साच्या आत जाते. म्हन, की सुटंल त्यो.”

आईबाप गेल्यावर घरातील कार्य वर्षाच्या आत उरकावे, नाहीतर ते लांबणीवर पडते, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्यामुळे चुलत्यांच्या बोलण्यात घाई होती, कपट नव्हते.

“तात्या, चैत्रापतोर थांबा की.” वैजूचा आवाज लहान झाला होता. “पावसाळा बघून झालाय, आत्ताचं चाललंय. उन्हाळ्यात नदी आटल्यावर कोण कुठं जातंय, ते बघायचं ऱ्हायलंय. त्याच्याबिगर सगळं अर्धं. अर्धं काम कुणी घेत न्हाई. तीन वरसं जातील माझी.”

“तुजी तीन वरसं! आनि दादा? त्यो हितं अधांतरी लटकलाय, त्येचं काय?”

“खरं हाय, पोरी,” तातोबांनी री ओढली. “बाप रागात गेला तुज्यावर. त्येचा राग काढनं तुज्याच हातात हाय.”

वैजूने आईकडे पाहिले. हौसाबाई पिंडाकडे पाहत होत्या. मला आठवते, त्या वेळी मी पेटीचे झाकण उघडत होतो व पुन्हा लावीत होतो. मला बोलण्याचा अधिकार नव्हता आणि बोलण्यासारखे काही ठाऊकही नव्हते. ‘बांडगूळ’ हा शब्द मी कानांनी ऐकला होता. बाप रागात गेला, हे मलाही सत्यच वाटत होते.

ती उठली. वाळूतून चालत ओट्यापाशी आली. तिच्या चालण्याने पाण्याकडेची फुलपाखरे क्षणभर उडाली व पुन्हा खाली बसली. तिने हात जोडले.

“आबा,” ती म्हणाली. “मी...”

पुढचे शब्द निघेनात. तेव्हा तिला धीर यावा, तिचे मन वळावे, म्हणून दिनकरराव गहिवरून बोलू लागले.

“म्हन पोरी, म्हन. तुज्या काळजीनं डोकं फिरलं हुतं गं त्येचं. अगं, नवरात्राच्या आधी म्या गडी लावून दिला, आंब्याचं बांडगूळ काडाय. सोन्यासारखा आंबा, फांद्या वाळाय लागलेल्या. गडी कोयता घिऊन झाडावर चढला, तर दादानं त्येला शिव्या घालून खाली उतरवला. मी म्हनलं, दादा, झाड जाईल. तर म्हनतोय, हात लावायचा न्हाई. असा कदी हुता का त्यो? झाडाला जीव लावनारा मानूस! तुज्यापायी भान उरलं नव्हतं त्येला.”

वैजूचे जोडलेले हात तसेच राहिले.

“कधी म्हणलासा, तात्या?”

“नवरात्राच्या आधी. घट बसायच्या अगूदर.”

“म्हणजे मी गेल्यावर.”

“तू गेल्यावरच की. तू असतीस तर म्या तुलाच सांगितलं असतं, बापाला समजाव म्हनून.”

“आबांनी सोता उतरवला गड्याला?”

“सोता! पाटीत दगूड घिऊन उबा ऱ्हायला खाली.”

वैजू मटकन वाळूवर बसली. लोकांना वाटले, तिला भोवळ आली. मी तांब्या घेऊन पुढे झालो. पण ती भोवळ नव्हती. ती आईकडे पाहत होती आणि हौसाबाई प्रथमच कोणाशी बोलल्या.

“मलाबी काय कळंना बग,” त्या हळू म्हणाल्या. “तू गेल्यापासनं रोज सकाळी च्याचा कप घिऊन त्या आंब्याखाली जायचा आनि वर बगत बसायचा. च्या गार हुयाचा. म्या इचारलं, काय बगतासा? तर काय न्हाई म्हनायचा. मान आकडली त्येची वर बगून बगून. रोज रातच्याला तेल लावाय सांगायचा मला.”

वाचकहो, येथे मला एक गोष्ट आठवली. त्या दोन महिन्यांत रंगराव दाढीला बसले की मान चोळीत असत आणि मी त्यांना उशी बदलण्याचा सल्ला दिला होता.

“एकदा म्या म्हनलं,” हौसाबाई पुढे सांगू लागल्या, “भावजी म्हनत्यात त्ये खरं हाय, त्ये बांडगूळ काडूया, न्हाईतर औंदा आंबं लागायचं न्हाईत. तर म्हनाला, आंबं बाजारात मिळत्यात.”

दिनकरराव भावजयीकडून पुतणीकडे व पुतणीकडून भावजयीकडे पाहत राहिले. त्यांना अर्थ लागत नव्हता. तेव्हा वैजूने त्यांना सांगितले. हळदीकुंकू नावाचे एक पाखरू आहे, ते बांडगुळाशिवाय दुसरीकडे अंडी घालत नाही, बांडगूळ कापले असते तर ते पाखरू आपल्या परसातून गेले असते, आणि आबांनी त्या दिवशी वर पाहिले नव्हते. आबांनी तिला काय म्हटले होते, ते मात्र तिने सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

आणि नेमके त्याच वेळी तातोबा ओरडले, “अरं, बसलं! बसलं पिंडावर!”

पाण्याकडच्या थव्यातून एक फुलपाखरू उठून पिंडावर येऊन बसले होते. दह्याने ओला झालेल्या भातावर ते पंख उघडीत होते व मिटीत होते. मागून दुसरे आले. मग आणखी एक. पांढऱ्या पिंडावर ते काळे पंख आणि तो मोरपंखी पट्टा. खोटे सांगत नाही, तसे दृश्य मी जन्मात पाहिलेले नाही.

“ह्येच का गं त्ये?” हौसाबाई गुडघ्यांवर उठल्या. “ह्येच का त्येचं हळदीकुंकू?”

दिनकररावांनी नानांचा दंड धरला. “नाना, ह्ये चालंल का? कावळ्याच्या ठिकानी ह्ये शिवलेलं चालंल का?”

नाना विचारात पडले. “पोथीत काही तसं नाही. पण मृताचा जीव ज्यात होता ते आपणहून आलं असेल, तर नाही तरी कसं म्हणावं?” ते वैजूकडे वळले. “मुली, तूच सांग. हे तेच असेल, तर मी मंत्र म्हणून मोकळं करतो. मग शब्दही नको आणि काही नको.”

मी तिच्याकडे पाहिले. केवळ ‘होय’ म्हणण्याचा अवकाश होता. तिचे तीन वर्षांचे कष्ट वाचत होते, आईचे समाधान होत होते, चुलते उपाशीपोटी घरी परतत नव्हते. आमच्यातील एकालाही ही पाखरे वेगळी ओळखता येत नव्हती. तिला कोणीही खोटे पाडू शकले नसते.

तिने पिंडाजवळ तोंड नेऊन ती फुलपाखरे निरखून पाहिली. तिच्या डोळ्यांतले पाणी वाळूवर पडत होते.

“न्हाई आई,” ती म्हणाली. “ही ती न्हवं. ही चिखलावर बसणारी. हळदीकुंकू झाडाच्या शेंड्यालाच असतं. ते असं खाली उतरत न्हाई.”

दिनकररावांनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं, व्हय म्हनायला काय झालं हुतं तुला?”

“आबांनी मान आखडून घेऊन बघितलंय ते, तात्या. त्यांच्या म्होरं दुसरंच पाखरू तेच हाय म्हणून सांगू?”

तेव्हा हौसाबाई हसल्या. मोठ्याने नव्हे. पण नवरा गेल्यापासून प्रथमच हसल्या.

“खाली उतरत न्हाई व्हय? मग बरोबर. ह्यो मानूसबी जन्मात कदी कुनापुडं खाली उतरला न्हाई.”

तातोबांची काठी हसण्याने हलू लागली. नाना भटजींनी उपरण्याने तोंड पुसले. दिनकरराव मात्र गंभीरच राहिले. त्यांनी उन्हाकडे पाहिले, सुन्या उंबराकडे पाहिले, व पुतणीला पुन्हा शब्द मागितला नाही.

“नाना, दर्भाचा कावळा करा,” ते म्हणाले.

कावळा येतच नाही असे झाले म्हणजे दर्भाच्या काड्यांचा कावळा वळून पिंडास शिववितात. तो अखेरचा उपाय होय. तो घडला की घरच्यांच्या मनात एक सल राहतो. नानांनी काड्या वळल्या, पण गाठ मारताना दिनकररावांनी त्या त्यांच्या हातून घेतल्या व स्वतःच गाठ मारली. चोच त्यांना नीट जमली नाही. तो कावळा त्यांनी पिंडास शिवविला.

“दादा, माज्याकडनं एवढंच झालं,” ते पुटपुटले. पिंड पाण्यात गेला. वाळूवरची फुलपाखरे उठली नाहीत.

भज्यांच्या नैवेद्याचे दुसरे पान घरी काढून ठेवलेले होते; नदीवरून परत आणलेली चंची त्यावर ठेवली गेली. क्रियेहून आल्यावर ते पान परसात कावळ्यासाठी ठेवावयाचे, हाही आमचा रिवाज. मी पेटी घेऊन ओसरीवर टेकलो होतो. हौसाबाईंनी पान उचलले व सवयीने त्या आंब्याखालच्या दगडावर ठेवले, ज्या दगडावर बसून रंगराव दाढी करून घेत.

त्यांचा हात पानावरून उचललाही नव्हता, तोच कौलावरून एक कावळा झेपावला. मग दुसरा. मग भांडी घासण्याच्या जागेकडून, गोठ्यामागच्या उकिरड्यावरून, शेजारच्या पत्र्यावरून, जिकडून तिकडून आले. भज्यांवरून त्यांची मारामारी लागली. एकाने चंची उचलली व टाकून दिली.

दिनकरराव परसाच्या दारात उभे होते. त्यांचा हात चौकटीवर होता.

“हितं हुता व्हय रं तू?” ते आंब्याकडे पाहत म्हणाले. “हितंच हुता? आनि आमी तकडं रानात तुला बलवत बसलो?”

बोलता बोलता त्यांनी मान वर केली. आंब्याच्या शेंड्याला, जिथे बांडगुळाची पाने दाटली होती, तिथे काहीतरी पांढरे तरंगत होते. उन्हात वळले की पिवळे दिसे. ते खाली येत नव्हते. दिनकरराव बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला.

वैजू त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

“आनंदा,” त्यांनी मला हाक मारली. “त्या कोयतेवाल्या गड्याला तेराव्यानंतर ये म्हनून सांगितलंया म्या. जाता जाता निरोप दे त्येला. म्हनावं, येऊ नगंस.”

“देतो, सरपंच.”

“आनि वैजू.” त्यांची नजर अजून शेंड्यावरच होती. “चैत्रापतोर म्हनलीस न्हवं?”

“व्हय, तात्या.”

“बग मग.”

मी पेटी उचलली आणि निघालो. निरोप मी त्याच दुपारी पोहोचविला.

मजसारख्या अल्पशिक्षित माणसाचे हे कथन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल सर्व वाचक बंधुभगिनींचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. आपला नम्र, आनंदा बाळू संकपाळ, मुक्काम आंबर्डेवाडी.